दोन रिंगा

जुना फोन काढायचं ठरलं तेव्हा आईने विरोध केला नाही. एवढंच विचारलं, "मंग तायची रिंग कुटं येनार?"

मला त्या फोनचा अक्षरशः वीट आला होता. त्याच्याच तारेवरून घरात इंटरनेट यायचं, म्हणजे आलं तर यायचं. मी घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासायचे. एक फाईल उतरेपर्यंत कुकरच्या शिट्ट्या होऊन भात निवायचासुद्धा. पावसाळ्यात तर विचारूच नका. तक्रार केली की ठरलेलं उत्तर, केबल भिजलीय मॅडम. शेवटी आमच्या गल्लीत एका दुसऱ्या कंपनीचं फायबर आलं, इंटरनेट आणि नव्या नंबरचा फोन एकाच वायरवर, आणि मी म्हटलं, बास झालं आता.

ताय म्हणजे माझी मावशी, आईची थोरली बहीण. नेरे गावात राहायची. तिचा मुलगा ट्रेलर चालवायचा, त्यामुळे महिन्यातले निम्मे दिवस ती घरात एकटीच. तिला आकडे वाचता येत नव्हते. फोनवरचं एकच बटण तिला ठाऊक होतं, शेवटचा नंबर पुन्हा लावायचं. म्हणून त्या फोनवरून दुसरा नंबर लावायची कोणाची टाप नव्हती. रोज दिवेलागणीला ती ते बटण दाबायची, आमच्याकडे दोन रिंगा वाजायच्या आणि बंद. मग आई तिला दोन रिंगा द्यायची. उचलायचं कोणीच नाही. मी बरी हाय, मी पन बरी हाय, एवढाच त्याचा अर्थ. सुरुवातीला पैसे वाचवायला केलेली युक्ती, पुढे तिचा नेमच झाला. तिसरी रिंग वाजली तर मात्र समजायचं, काहीतरी वाईट घडलंय. माझे वडील गेले तेव्हा आमच्याकडून नेऱ्याला तशीच लांब रिंग गेली होती.

एकदा दोघी अंगणात भाजी निवडत बसल्या होत्या. मावशी म्हणाली, "जा दिवशी माजी रिंग येनार नाय, त्या दिवशी पिठलं-भाकरी घेऊन ये गो." मयताच्या घरी चूल पेटत नाही, जेवण नातेवाइकांनी आणायचं असतं, त्यावरून हा विनोद. आई म्हणाली, "तूच आन. मीच जानार आदी." आणि दोघी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. मला असल्या अभद्र बोलण्याचा भयंकर राग यायचा.

नवीन कंपनीचा माणूस म्हणाला होता की जुनी लाईन महिनाअखेरपर्यंत राहील. म्हटलं ठीक, रविवारी नेऱ्याला जाऊन मावशीच्या फोनवरून एकदा आपला नवा नंबर लावू, म्हणजे तिचं बटण तोच नंबर लावेल. कसलं काय! खिडकीतून काळी वायर आत आली, भिंतीवर पांढरा डबा बसला, हिरवे दिवे लागले आणि त्याच दुपारी जुना फोन मुका झाला.

संध्याकाळी रिंग आली नाही. आई म्हणाली, "तू दोन दे नि ठेव." मी म्हटलं, "अगं, नंबर बदललाय हे तिला नीट सांगते ना." आणि मोबाईलवरून लावला. वाजत राहिला. तिने उचलला नाही. मी पुन्हा लावला, पुन्हा आपोआप बंद होईपर्यंत वाजू दिला. आई मागून ओरडत होती, "आगो बंद कर, बंद कर!"

सकाळी दारात रिक्षा थांबली. मावशी उतरली, हातात स्टीलचा डबा, डोळे सुजलेले. दार आईनेच उघडलं. मावशी तिच्याकडे बघत राहिली, मग तिच्या दंडाला हात लावून बघितला. "तू जिती हाय?" म्हणाली आणि तिथेच उंबऱ्यावर मटकन बसली. "फोन वाजतच व्हता. माजा हातच धजला नाय." रात्रभर रडून पहाटे उठून तिने पिठलं केलं होतं, तांदळाच्या भाकऱ्या भाजल्या होत्या.

आम्ही तिघींनी त्या खाल्ल्या. मावशी मला शिव्या घालत होती, माझ्या इंटरनेटला घालत होती, आणि मधेच आईच्या गुडघ्यावर थाप मारून खुदकन हसत होती. इतकं चवदार पिठलं मी पुन्हा खाल्लं नाही. जाताना ती डबा मागायला लागली. आई म्हणाली, "रिकामा कसा देऊ? राहू दे, दिवालीला लाडू भरून देन."

नेऱ्याला जाऊन मी तिच्या फोनवरून नवा नंबर लावून आले. रिंगा परत सुरू झाल्या. फक्त एक झालं. जुना फोन लाईट गेली तरी वाजायचा. नवा फोन या पांढऱ्या डब्यावर चालायचा आणि डबा लाईटबरोबर मरायचा. लाईट जाऊन आली की आई आधी देव्हाऱ्याकडे नाही, त्या डब्याकडे बघायची.

दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी अशीच लाईट गेली. आली तोवर दिवेलागण उलटून गेली होती. आईने दोन रिंगा दिल्या. उत्तर आलं नाही. थोड्या वेळाने पुन्हा दिल्या. मी म्हटलं, "अगं, आपलं बंद असताना तिने दिली असेल आणि झोपली असेल. मागच्या वेळी नाही का, सगळा घोळ वायरचाच होता!" तिचं तोंड बघून मी मोबाईल हातात घेतला. आईने माझं मनगट धरलं. "नको. लांब वाजला तर घाबरल ती."

सकाळी मला जाग आली ती फोडणीच्या वासाने. आई पिठलं घाटत होती. भाकऱ्या भाजून झाल्या होत्या. कट्ट्यावर मावशीचा डबा घासूनपुसून उघडा ठेवलेला. मी चिडले. "काय हे आई? काहीच झालेलं नाहीये!" ती डब्यात पिठलं भरायला लागली. मी रिक्षा आणायला बाहेर पडले.

आम्ही नेऱ्याला पोचलो तेव्हा शेजारच्या बायका मावशीच्या अंगणात गोळा झाल्या होत्या. दार उघडेना म्हणून नुकतीच कडी तोडली होती. त्यांतली एक आईला बघून चपापली. "आमी अजून कोनाला फोन केला नाय. तुला कोनी सांगितला?"

आई सरळ आत गेली. मावशी खाटेवर कुशीवर निजली होती, हात फोनच्या बाजूला. आई तिच्या उशाशी जमिनीवर बसली, डबा शेजारी ठेवला आणि तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

"ताय," ती म्हणाली, "तुजा डबा आनलाय गो. रिकामा नाय आनला."