भानुदास गुरुजी, टिटवी आणि वेशीतला दगड

मला पोहता येत नसताना ज्या माणसाने मला छातीइतक्या पाण्यात उतरवलं, त्याला जाऊन आज वर्ष झालं.

भानुदास गुरुजी. आमच्या गावच्या शाळेचे मास्तर.

मी सातवी नापास. चुका होतील. कोणी हसेल याचं सकाळपासून टेन्शन आहे. तरी आज लिहिणारच.

आपल्या जालना जिल्ह्यात समुद्र नाही. पण परतूरकडे आमच्या नदीवर धरण झालं, गाव उठून माळावर आलं आणि पाणी अडायला लागलं, तेव्हा आम्ही त्यालाच समुंदर म्हणू लागलो. पावसात पलीकडचा काठ दिसायचा नाही.

रोज संध्याकाळी त्या काठाने गुरुजी, मी आणि त्यांचा कुत्रा नवाब.

पाऊस असो नसो.

"निजाम गेला, पण आमचा नवाब काही जाईना," गुरुजी म्हणायचे. नवाब अंग झटकून आमचे कपडे चिखलाचे करायचा.

गुरुजी पक्षी वहीत लिहायचे. मी सगळ्या पांढऱ्यांना बगळाच म्हणायचो.

"अरे, लाल पायाचा तो शेकाट्या. न बघता काय बोलून राह्यला?"

जुन्या गावच्या वेशीत एक वीरगळ होता. छातीइतका उंच दगड. त्यावर ढाल-तलवारीचा माणूस, बाजूला गाई, पायाशी कुत्रा. आम्ही शेंदूर लावून नारळ फोडायचो, एवढंच. गुरुजींनीच सांगितलं, "गावच्या गाई सोडवताना मेलेला गडी हाय हा. तुझ्यासारखाच माणूस. फक्त भित्रा नव्हता."

पाण्याखाली जायच्या आत तो दगड वर माळावर न्यायचा म्हणून उन्हाळ्यातच ते माझ्या मागे लागले. बैलजोडी माझी होती ना.

माझी लेक तेव्हा आजारी. शेंदराचा दगड हलवला आणि तिला काही झालं तर?

हे सांगायची लाज वाटली. म्हणून म्हणालो, "गुरुजी, टिटवीनं यंदा पार नदीच्या पात्रात अंडी घातली. मी बघितली. पाणी बिलकुल वर येत न्हाई."

टिटवी खाली अंडी घालते त्या वर्षी पाऊस कमी, असं आमच्याकडे मानतात. गुरुजींनी वहीत लिहून घेतलं. दगड तिथेच राहिला.

अंडी नव्हतीच. मी खोटं बोललो होतो.

मग पाऊस लागला तो थांबेना. आम्ही रोज फिरायला जायचो आणि रोज पाणी पुढे आलेलं. एका संध्याकाळी बघतो तर वेशीत पाणी. दगडाचं नुसतं डोकं वर.

गुरुजींनी चष्मा खिशात घातला, धोतर खोचलं.

"बैल आण. जल्दी."

"बैल बुजतील गुरुजी."

"बैल का तू?"

बायकोने काठावर बैल धरले. ती माझ्यापेक्षा धीट. गुरुजींनी पहार घेतली, मी दोर. मी पाण्याकडेच बघत होतो. नवाब पोहत आमच्याभोवती फिरत होता.

"पाण्याकडं बघू नको. दगडाकडं बघ!"

दोनदा दोर सुटला. तिसऱ्यांदा दगड हलला.

आज तो नव्या शाळेसमोर उभा आहे. लेकीला काही झालं नाही. तिची लेकरं त्याच दगडापाशी खेळली.

गुरुजींनी अंड्यांचं पुन्हा कधी विचारलं नाही. नंतर किती वर्षं त्या काठाने चाललो. नवाब गेला, गुरुजींच्या हाती काठी आली. रोज ठरवायचो, आज सांगतो. रोज घरी परत यायचो.

मागच्या आठवड्यात त्यांच्या सूनबाईंनी वही आणून दिली. "काका, तुम्हालाच द्यायची म्हणाले होते."

मी आधी तेच पान काढलं.

"टिटवीची अंडी नदीपात्रात. ऐकीव. स्वतः पाहिली नाहीत."

माझं नाव नाही.

अख्ख्या वहीत प्रत्येक ऐकीव गोष्टीपुढे सांगणाऱ्याचं नाव आहे. फक्त तिथे नाही.

आज सकाळी त्या ओळीखाली मी लिहिलं, "अंडी नव्हती. मी खोटं सांगितलं." आणि खाली माझं पूर्ण नाव घातलं. पेनाने.

आता बाहेर पाऊस आहे. घरचे म्हणतात, बीपी आहे, घसराल, जाऊ नका. भीती मलाही वाटते. पण वही प्लास्टिकच्या पिशवीत घातली आहे आणि चपला पायात आहेत.

जे दिसेल तेच लिहीन, गुरुजी.

काठावरूनच तुम्हाला नमस्कार करतो.