गालावरचा कापूस

काल सुनेने स्वतःच्या दुखऱ्या दाढेत लवंगेच्या तेलाचा बोळा धरला आणि त्या वासासरशी मी वर्ध्याच्या दंतवैद्याच्या खुर्चीत जाऊन बसले.

एकोणीसशे ऐंशीच्या आसपासची गोष्ट. माझ्या उजव्या गालात वीज चमकावी तशी कळ यायची. तोंड धुवायचीही भीती वाटायची. डॉक्टरांनी दोन दाढा उपटल्या, तरी कळ तशीच. त्या दिवशी ते चिमटा घेऊन तिसऱ्या दाढेकडे वळले.

मी त्यांचा हात धरला. "हे दाढ चांगली हाय. मी काढू देत नाई."

"साहेबाले शिकवून राह्यली का?" शेजारी उभे असलेले आमचे हे खेकसले.

आमच्या आंजी गावाहून कापसाची वेचणी अर्धी टाकून आले होते मी. लुगड्याला कापूस चिकटलेला होता. त्यातला एक तंतू ओढला आणि ओठाच्या कडेला मुद्दाम नुसता टेकवला. अशी कळ उठली की डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"सांगा डाक्टरसाहेब, कापसानं दाढ दुखते काय?"

डॉक्टरांनी चिमटा खाली ठेवला. मग म्हणाले, "बाई, हे दाताचं नाही. चेहऱ्याच्या नसेचं दुखणं आहे." मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. तिथल्या गोळ्या सुरू झाल्या आणि आठवड्याभरात मी गार पाण्याने तोंड धुतलं.

त्या दिवशी परतताना मात्र आंजी येईस्तोवर हे एसटीत माझ्या उद्धटपणावरून बोलत होते आणि मी मान खाली घालून ऐकत होते. आज ऐकून घेतलं नसतं. माझं चुकलं एवढंच, की दोन दाढा आधीच डॉक्टरांचा हात धरला नाही.