गंज नसलेली मोटार

"या गो सगळ्या. कम्प्युटरवर शिकलेली मेस्त्रीण बघा."

बागायतदाराने मांगरातल्या, म्हणजे बागेतल्या शेडमधल्या, बायांना अशी हाक मारली तेव्हा माझ्या हातात पाना होता आणि पुढ्यात त्याच्या पंपाची जळलेली मोटार. बाया आंब्याच्या पेट्यांत पेंढा भरत होत्या. हातातलं टाकून आल्या. त्यांच्यात माझी आई होती.

मला मोटारीचं झाकण उघडता आलं नव्हतं. एवढंच. आतलं तांब्याच्या तारेचं वाइंडिंग कसं काढायचं, वेढे कसे द्यायचे, सगळं तोंडपाठ. पण भाट्याच्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या वाऱ्याने झाकणाचे बोल्ट गंजून एकजीव झालेले. मी जोर लावला, पाना सटकला. पुन्हा लावला. बोल्टाच्या डोक्याचे कोपरेच गेले, ते गोल गुळगुळीत झालं. आता त्यावर कुणाचाच पाना बसणार नव्हता.

कोर्समध्ये बोल्टावर क्लिक केलं की तो आपोआप फिरत बाहेर यायचा. चकचकीत. स्क्रीनवरच्या मोटारीला गंज नव्हता. गंजलेल्या बोल्टावर आधी रॉकेल सोडायचं, थांबायचं, हलके ठोके द्यायचे, हे मला वर्षभरात कुणी सांगितलं नाही. सांगणार कोण? शिकवणारा माणूस मी कधी पाहिलाच नाही. ई-मेलने शंका विचारली तर "आपला प्रश्न मिळाला" एवढंच उत्तर. परीक्षा म्हणजे चार पर्यायांतला एक निवडा. मी पहिल्या श्रेणीत पास झाले. पान्याला हात न लावता.

आणि या कोर्सला मला ओढलं कुणी? याच बागायतदाराने. बाजारातल्या त्याच्याच इमारतीत ते कम्प्युटर सेंटर. उद्घाटनाला नारळ फोडून म्हणाला होता, "आता आपल्या मुलींनी गाव न सोडता मेस्त्री व्हावं." आई हरखली. पोरीला लांब पाठवायला नको आणि जन्मभर पेंढ्यात बसवायलाही नको.

आता तोच म्हणाला, "आलीच आहेस तर पेट्या भर. आईशेजारी जागा आहे."

"बोल्ट नाय फिरला, आंबा तरी फिरव गो," एकीने टोमणा मारला. सगळ्या हसल्या. आई नाही. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बस गो मुकाट. उद्यापासना मला पन बोलवायचा नाय तो."

मी बसले असते. खरंच बसले असते. पण तिचे हात दिसले. पेंढ्याने चिरलेले.

पाना मोटारीवर ठेवला आणि त्याला विचारलं, "तुमचा मुलगा पुण्याला वर्कशॉपात शिकतो. तो का नाही शिकला गाव न सोडता?"

बाया एकेक करून पेट्यांकडे वळल्या.

"पायरीने राहा," तो म्हणाला.

मी बागेबाहेर पडले. आई मागे आली नाही.

त्या हंगामात आईला पुन्हा बोलावणं आलं नाही. ती माझ्याशी अजून तुटक बोलते. शहरातल्या वाइंडिंगच्या दुकानांत गेले. म्हटलं, पगार नको, नुसता हात बसू द्या. एकाने सर्टिफिकेट उलटसुलट करून बघितलं. "मुली ठेवत नाही," म्हणाला, "आणि असल्या कोर्सवाल्या तर मुळीच नाही." ते सेंटर जोरात चाललंय. शिकायला आमचीच पोरं. ज्यांना वर्कशॉप परवडतं, त्यांच्यातलं एकही तिथे दिसत नाही.

म्हणून मी भंगारातून एक गंजकी मोटार आणली. सेंटरच्या जिन्याशी ती मांडून बसते. कोर्समध्ये काय शिकवत नाहीत ते लिहिलेलं पत्रक देते, पाना देते. येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, आधी यातला एक बोल्ट खोल, मग वर जा. बहुतेक मोटारीला वळसा घालून वर जातात. बागायतदाराच्या माणसांनी मोटार दोनदा गटारात टाकली. मी दोनदा काढली.

आमच्या पोरांसाठी इथे खरं वर्कशॉप उघडेल, असं मला वाटत नाही. पण ते उघडेपर्यंत ही मोटार या जिन्यावरून हलणार नाही. तिसऱ्यांदा टाकली तर तिसऱ्यांदा काढीन.