न रुसणाऱ्या चाळीस म्हशी

धायरीच्या जुन्या गावठाणात, बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत पोपटराव साळवे राहतात. वय अडुसष्ट. चालणं संथ, बोलणं त्याहून संथ, आणि बघणं सगळ्यांत संथ. एकतीस वर्षं त्यांनी कात्रजला डेअरीत दूध तपासलं. गावोगावचे कॅन उतरायचे, झाकणं निघायची, आणि सगळा ओटा कोमट दुधाच्या वासानं भरून जायचा. त्या वासात उभं राहून पोपटराव एक काम इमानानं करत. लांब दांड्याची ढवळणी कॅनच्या तळापर्यंत घालत, वरखाली करत, आणि मगच नमुना घेत. दूध स्थिर राहिलं की साय वर येते. वरचं दूध नेहमीच श्रीमंत दिसतं.

एकदाच त्यांनी ढवळलं नव्हतं. नोकरीचं दुसरं वर्ष होतं. त्यांच्याच समाजातला एक माणूस पहिल्यांदा दूध घेऊन आला. आपल्यातलं कुणीतरी या धंद्यात उतरलं, या विचारानं पोपटरावांची छाती भरून आली. त्यानं ‘जय भीम’ म्हटलं, वरवरचं मापभर दूध काढून पुढं धरलं, आणि पोपटरावांनी तेच तपासून कॅन पास केला. दुपारी कळलं की खाली पाणी घातलेलं होतं. साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, “साळवे, दूध तपासलं की नातं?”

तो प्रश्न ते विसरले नाहीत. पुढं कुणीही ‘जय भीम’ म्हटलं की ते दुप्पट प्रेमानं उत्तर देत, आणि तितक्याच शांतपणे ढवळणी कॅनमध्ये सोडत.

या उन्हाळ्यात ती ढवळणी पुन्हा लागली.

विहारावर मुलांसाठी अभ्यासिका बांधायची म्हणून वस्तीनं आठ वर्षं वर्गणी जमवली होती. धुणीभांडी करणाऱ्या बायकांनी दिलेली, रिक्षावाल्यांनी दिलेली. पोपटरावांचा भाचा प्रज्ञेश खराडीला संगणकाच्या कंपनीत आहे आणि विहाराच्या समितीचा चिटणीसही. गुणी पोरगा. तो एका संध्याकाळी मोबाइल घेऊन आला.

“मामा, अभ्यासिकेचा निधी दोन वर्षं इथं ठेवू. एकाऐवजी दोन मजले होतील.”

“इथं म्हंजे कुठं?”

“म्हशीच्या टोकनमध्ये. ब्लॉकचेनवर काढलेलं टोकन आहे. कंपनीच्या चाळीस म्हशी आहेत. टोकन घेतलं की म्हशीत आपला वाटा. दूध विकलं की त्यातला हिस्सा आपल्याला.”

पोपटरावांची बायको हिराबाई भाकरी थापत होत्या. “म्हैस मोबाइलात बांधली व्हय रे? शेण कोण काढतं?”

“मामी, थट्टा नको. ब्लॉकचेन म्हणजे एक वही समजा. तिच्या नकला हजारो ठिकाणी असतात. एकदा लिहिलं की कुणाला खाडाखोड करता येत नाही. रोजचं दूध त्यात चढतं, आणि कुणालाही वाचता येतं. शिवाय कंपनी माझ्या वर्गातल्या अनिरुद्धची आहे. आपलाच माणूस.”

हे शेवटचं वाक्य ऐकून पोपटरावांनी मान वर केली.

“वही झ्याक हाय,” ते म्हणाले. “त्यात लिहितं कोण?”

“गोठ्यातला माणूस.”

“मग मला वाचायला लावून दे. अक्षर मोठं कर.”

चार दिवस पोपटराव दुपारी चष्मा लावून ती वही वाचत बसले. सतरा नंबरची म्हैस: सकाळी साडेसहा लिटर, संध्याकाळी साडेपाच. दुसऱ्या दिवशी तेवढंच. तिसऱ्या दिवशी तेवढंच. धुळवडीलाही तेवढंच. ऊन चाळिशीवर गेलं, तरी तेवढंच. त्यांनी नववी म्हैस काढली, तिसावी काढली. सगळ्यांचं बारा लिटर.

“हिरा, धुळवडीला धार काढणारा शुद्धीवर तरी असंल का?”

“माझा भाऊ तर कधी नसायचा,” हिराबाई म्हणाल्या.

रविवारी वंदनेनंतर समिती निर्णय घेणार होती. त्याआधी, गुरुवारी, पोपटराव भाच्याला घेऊन सासवडच्या अंगाला गोठा बघायला गेले. अनिरुद्ध दारातच उभा होता, पांढराशुभ्र सदरा घालून.

“जय भीम, मामा!”

“जय भीम, बाळा. सुखी राहा.” पोपटरावांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

गोठ्यात बारा म्हशी होत्या. काळ्या, तुकतुकीत, कानात नंबरांचे पिवळे बिल्ले. अनिरुद्ध एकेक दाखवू लागला. “ही एक नंबर. ही दोन नंबर.”

“ह्या तू दाखवतोयस. मी म्हणतो ती दाखव. सतरा नंबर.”

“ती दुसऱ्या गोठ्यात आहे.”

“चल तिकडं.”

“आज तिकडचा रस्ता बंद आहे, मामा.”

“बरं. नववी?”

नऊ नंबर समोर उभी होती. पोपटरावांनी तिच्या कपाळावर खाजवलं. मग त्यांनी कासेखाली हात घातला. कास सुकलेली होती. म्हैस आटत आलेली.

“हिचं रोजचं बारा लिटर लिहिलंय तुझ्या वहीत,” ते म्हणाले. “तुझ्या म्हशी कधी रुसत न्हाईत का रे? माजावर येत न्हाईत? पान्हा चोरत न्हाईत?”

अनिरुद्ध हसला. “मोजायचं यंत्र जरा बिघडलंय. दुरुस्त करतो.”

परतीच्या वाटेवर प्रज्ञेश मोबाइलवर नववीचे आकडे पुन्हा पुन्हा बघत होता. अनिरुद्ध त्याचा वर्गमित्र. “यंत्र बिघडू शकतं, मामा,” तो शेवटी म्हणाला.

“बिघडतं की,” पोपटराव म्हणाले. “रविवारपर्यंत वाट बघू.”

रविवारी वंदना झाली. पांढऱ्या कपड्यांतली वस्ती विहारात बसून राहिली. प्रज्ञेश उभा राहिला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर सुटका होती.

“मामांनी शंका काढली होती. कंपनीनं यंत्र दुरुस्त केलं. बघा, सतरा नंबरचं दूध शुक्रवारी अकरा लिटर, शनिवारी साडेबारा. आता कमी-जास्त होतंय.”

“मोठ्यानं वाच,” पोपटराव बसल्या जागेवरून म्हणाले. “नववीचं सांग.”

“शुक्रवारी अकरा. शनिवारी...” प्रज्ञेशचं बोट थांबलं. “साडेबारा.”

“तिसावीचं?”

प्रज्ञेशनं वाचलं नाही. तो नुसता मोबाइलवर बोट ओढत राहिला, चाळीस म्हशी संपेपर्यंत. मग हलक्या आवाजात म्हणाला, “सगळ्यांचं तेच आहे.”

“चाळीस जणी एकाच दिवशी रुसल्या?”

“मोर्चा काढला असंल,” हिराबाई बायकांतून म्हणाल्या, आणि सारा विहार हसला. प्रज्ञेशही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते.

हसणं ओसरल्यावर त्यानं विचारलं, “म्हणजे मामा, ब्लॉकचेन फसवी?”

“ती कशाला फसवी? उलट तिनंच धरून दिलं. मागचं लिहिलेलं त्याला खोडता आलं असतं, तर आज आपल्या हाती काय राहिलं असतं? वही पक्की हाय, बाळा. पण वही काय गोठ्यात जात न्हाई. तिथं आपल्याला जावं लागतं, आणि म्हैस आपण निवडावी लागते. उद्या कुणी खऱ्या म्हशींचं टोकन आणलं, तर मी पुन्हा जाईन. पसंत पडलं तर तसंही सांगेन.”

प्रज्ञेशनं ठराव मागं घेतला. निधी अभ्यासिकेलाच लावायचा का, असं त्यानंच विचारलं, आणि पहिला हातही त्यानंच वर केला. मग सगळे हात वर गेले. एकच मजला, पण लगेच.

पंधरा दिवसांनी विहारासमोर वाळूचा पहिला ट्रक रिकामा झाला. ढीग वरून सोन्यासारखा चमकत होता. ठेकेदारानं मूठभर वाळू उचलून पुढं केली. “बघा साळवे, एकदम स्वच्छ.”

“छान हाय,” पोपटराव म्हणाले, आणि त्यांनी बाजूला हात केला.

प्रज्ञेश फावडं घेऊन आधीच तिथं उभा होता.