पुणतांब्याची वाळू

लग्न होऊन देशावर बेलापुरात आले त्याला चार महिने झाले होते, आणि चार महिन्यांत मी समुद्राविषयी कुणाशी अवाक्षर बोलले नव्हते. बोलणार कुणाशी? घरात माणसं तीन. आमचे 'हे' शाळेत विज्ञान शिकवायचे आणि घरी आले की वह्यांत डोकं खुपसायचे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. उरले मामंजी, म्हणजे माझे सासरे. तीस वर्षं मास्तरकी करून घरी बसलेले. बोलणं मोजकं, तेही बहुतेक चुका दाखवण्यापुरतं. आमटीत मीठ जास्त झालं की म्हणायचे, "समुद्र इकडे नाही, सूनबाई." एवढाच काय तो त्या घरात समुद्राचा उल्लेख.

माझं माहेर रत्नागिरीकडचं. परसदार उघडलं की वाळूच. इथे मात्र चोहीकडे काळी जमीन, ऊस आणि धूळ. मला घास गिळेना. शेवटी चैत्रात भावाला कार्ड लिहिलं: 'मला येथे करमत नाही. येऊन घेऊन जा. परत पाठवण्याचा आग्रह धरू नका.' कार्ड टाकायला दिलं मामंजींकडेच, कारण रोज पोस्टाकडे तेच जायचे. उघडं कार्ड त्यांच्या हाती जातंय याची मला धास्ती वाटली नाही. दुसऱ्याचं पत्र वाचणं ही चोरी, हे त्यांनी अर्ध्या गावाला छड्या मारून शिकवलं होतं.

भावाचं उत्तर आलं. 'गुरुवारी पोचतो. समुद्राचं पाणी आणि शंखात राहणारे चार खेकडे आणतो आहे. बरण्यांनीच हात भरतील, वाळू तिकडेच बघा.' मी चक्रावले. त्याच दुपारी मामंजी शाळेच्या अडगळीतली काचेची मोठी पेटी हमालाच्या डोक्यावर देऊन घेऊन आले. मला वाटलं, ह्यांनीच वर्गातल्या पोरांना दाखवायला हे खूळ काढलंय. विचारलं तर हे नुसते हसले. मनात म्हटलं, खेकडे येवोत नाहीतर हत्ती, मी गुरुवारी भावाबरोबर निघणार.

"तळाला वाळू कुठली घालायची?" मामंजींनी विचारलं.

"कुठलीही चालेल," मी तुटकपणे म्हणाले.

"कुठलीही चालत नसणार. तुला कळतं, मला कळत नाही. सोमवारी पुणतांब्याला जाऊ."

मामंजींच्या तोंडून 'मला कळत नाही' हे मी पहिल्यांदाच ऐकलं. माझ्याच्याने नाही म्हणवलं नाही.

सोमवारी सकाळच्या गाडीने आम्ही पुणतांब्याला गेलो. गोदावरीला पाणी कमी होतं, वाळवंट लांबवर उघडं पडलेलं. मी वहाणा काढल्या आणि पाय वाळूत रुतले मात्र, माझे डोळे भरून आले. मामंजी दुसरीकडे बघत उभे राहिले. त्यांनी हातातला तांब्या पुढे केला आणि म्हणाले, "हं, कशी निवडायची ते दाखव."

आमच्याकडची रीत साधी. तांब्यात मूठभर वाळू, वर पाणी, नीट हलवायचं आणि पाणी निवळेपर्यंत मोजायचं. घाटाजवळच्या वाळूत कुंकू आणि फुलांचा कुजका पाला. साठ मोजले तरी पाणी गढूळच. धारेलगतची वाळू पिठासारखी बारीक. तीत खेकड्याला उकरता येणार नाही, ती तळाशी बसून घट्ट होईल. मी एकेक सांगत होते आणि मामंजी पहिलीतल्या मुलासारखे मोठ्याने आकडे म्हणत होते. मला हसू आलं. किती दिवसांनी आलं!

वाळवंटात एका बाईने कलिंगडं लावली होती. ती आमचा खेळ बघत होती. म्हणाली, "वरची नका घिऊ बाई, तिच्यात गाळ लई हाय. कोपरभर उकरा, मंग बघा."

उकरली. तांदळाच्या कण्यांएवढे काळेभोर, स्वच्छ दाणे. मामंजींनी दहा म्हणायच्या आत पाणी निवळलं. ती वाळू आम्ही गोणीत भरली. बाईने एक कलिंगडही दिलं.

घरी आल्यावर वाळू धुवायचं काम मामंजींनी स्वतःकडे घेतलं. मंगळवारभर ते विहिरीपाशी बसून होते. बुधवारी दुपारी मी सहज घंगाळात हात घातला, तर बोटांना फेस लागला.

"रिठ्याच्या पाण्यातून दोनदा काढली," ते अभिमानाने म्हणाले. "माझी लोकरीची शालसुद्धा मी एवढी निगुतीने धूत नाही."

मी हात झटकन बाहेर काढला. आमच्या गावी उन्हाळ्यात ओढ्याच्या डबक्यात रिठे कुटून टाकायचे. घटकाभरात मासे उलटे होऊन वर यायचे. ही वाळू पेटीत गेली तर कोकणातून इतक्या लांब येणारे ते जीव संध्याकाळपर्यंत टिकणार नव्हते. गप्प बसावं असंही क्षणभर मनात आलं. मी तर उद्या जाणारच होते. पण म्हाताऱ्या माणसाच्या हाताला फेसाने सुरकुत्या पडल्या होत्या. मी खाली मान घालून सगळं सांगितलं.

तीस वर्षांत त्यांना 'चुकलं' असं कुणी म्हटलं नसावं. ते उठले, पगडी घातली आणि भर उन्हात निघून गेले. आता बोलणं संपलं, अशी मी खूणगाठ बांधली.

दिवेलागणीला परत आले ते खांद्यावर गाठोडं घेऊन. गोणीला रिठा लागला असेल म्हणून वाळू आणली होती स्वतःच्या उपरण्यात. "कोपरभर उकरून घेतली आहे," ते म्हणाले. "आठालाच निवळलं." ओसरीवर बसल्यावर दिसलं, त्यांच्या पायांना फोड आले होते. दुपारच्या वाळूत ते अनवाणी हिंडले होते. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "तू वहाणा काढल्या होत्यास ना? मला वाटलं, तशीच रीत आहे."

मी त्यांच्या पायांना तूप लावलं.

गुरुवारी भाऊ आला. पेटीत वाळू घातली, पाणी ओतलं, खेकडे सोडले. चौघेही शंखात दडी मारून बसलेले. तासाभराने एकाने पाय बाहेर काढले आणि पुणतांब्याची वाळू उकरायला लागला. मामंजी पाट टाकून पेटीसमोर बसले होते. त्यांनी मला हाक मारली, "सूनबाई, आला बघ!"

भावाने मला स्वयंपाकघरात गाठलं. "सामान बांधलंस?"

"हे खेकड्यांचं तुला कुणी कळवलं?" मी विचारलं. "ह्यांनी?"

त्याने खिशातून माझंच कार्ड काढलं. माझ्या चार ओळींच्या खाली, मामंजींच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'दुसऱ्याचे पत्र वाचले, हा अपराध झाला. मुलीला येथे करमत नाही यात चूक आमची आहे. अवश्य न्यावयास यावे. येताना समुद्राचे पाणी आणि त्यात जगतील असे काही जीव आणावेत. मी ते जगवून पाहतो. तरीही ती निघाली तर अडवणार नाही.'

आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाची आहे. माहेराने मला वाढवलं याचे उपकार आहेतच, पण त्या माणसाचे त्याहून जास्त आहेत, आणि ते मी त्यांना कधी बोलून दाखवले नाहीत.

कार्ड मी कमरेला खोचलं. "तू पुढे हो," मी भावाला म्हटलं. "मी दिवाळीला येईन."

मग चुलीकडे वळले आणि रडत रडतच आमटी केली. मीठ किती पडलं याचं भान राहिलं नाही. भावाने पहिल्या घासालाच तोंड वाकडं केलं. मामंजींनी मात्र ती सगळी आमटी मुकाट्याने संपवली आणि वाटी पुन्हा पुढे केली.