कपाटातलं किट

नवा अभ्यासक्रम शाळांमध्ये कितपत उतरलाय हे बघायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मला शिकवणं सोडून बरीच वर्षं झाली होती. छापील फॉर्म आणि पाण्याची बाटली घेऊन मी माधव नगरहून ऑटोनं निघायचे. फॉर्मवर प्रश्न आणि पुढे 'हो' किंवा 'नाही'. मला ते सोयीचं होतं. डोकं घरी ठेवून जाता यायचं.

शहराच्या टोकाला एका सरकारी शाळेत पहिलीचा वर्ग पाहिला. बाई अतिथी शिक्षिका होत्या, म्हणजे दर वर्षी नव्यानं नेमणूक. मुलं जमिनीवर बसून शिप्रा नदीकाठच्या दगडगोट्यांचे दहा-दहाचे ढीग लावत होती. एका मुलीनं दोन ढीग माझ्याकडे सरकवले, शेजारी तीन गोटे ठेवले आणि म्हणाली, "तेईस." मी काही विचारलंही नव्हतं.

मी बाईंना विचारलं, "नव्या अभ्यासक्रमासोबत आलेलं गणिताचं किट कुठंय?"

"कपाटात, ताई. चाबी बडे सरांजवळ असते. काही टूटलं, गुम झालं, तर जवाब मलाच द्यावा लागतो. म्हणून नदीवरून हे वेचून आणले."

हेडमास्तरांनी कपाट उघडलं. किट सीलबंद. अभिमानानं म्हणाले, "देख लीजिए मैडम, एक भी पीस कम नहीं है."

'किटचा वापर होतो का?' मी 'नाही'वर खूण केली. खाली शेऱ्यासाठी दोन ओळी होत्या. बाई माझ्या पेनाकडे बघत होत्या.

"ताई, ह्याच्यावरूनच पुढच्या साली ठेवतात हो."

मी ऐकलं. बाहेर ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. मला दया आली नाही, रागही आला नाही. भूक लागली होती, एवढंच आठवतं. मी फॉर्म मिटला.

पुढच्या वर्षी पुन्हा तीच शाळा आली. पहिलीला नव्या बाई होत्या. टेबलावर किट मांडलेलं, रंगीत ठोकळे प्लास्टिकच्या पिशव्यांसकट. मुलं हाताची घडी घालून ते बघत बसली होती.

"पहलेवाली मैडम?" मी हेडमास्तरांना विचारलं.

"उनकी रिपोर्ट खराब आई थी, मैडम."

रिपोर्ट माझीच होती, हे त्यांच्या लक्षात नसावं. मी मान हलवली आणि 'हो'वर खूण केली.

'गोटे घेऊन छान शिकवतात.' आदल्या वर्षी त्या दोन ओळींत एवढंच तर लिहायचं होतं. हात का चालला नाही, ते मला अजून सांगता येत नाही.