सासूबाईंची वांगी आणि माझं परासरण

गेली बावीस वर्षं मी अकरावीच्या वर्गाला परासरण शिकवतो. त्यामुळे सासूबाईंची वांग्याची रोपं मी मारायला घेतली, ती अज्ञानानं नव्हे!

सासुरवाडी सडक अर्जुनीजवळच्या खेड्यात. जून लागला होता. सासऱ्यांनी अंगणातल्या बादलीत मीठ कालवून त्यात धानाचं बियाणं टाकलं, वर तरंगलेलं पोचट धान काढलं आणि चांगलं बियाणं धुवायला बोडीवर, म्हणजे शेततळ्यावर, गेले. बादली तिथंच. शेजारी सासूबाईंचा वांग्यांचा वाफा, उन्हात. घरचं बी जपून वाढवलेली चाळीस रोपं! जावयानंही काही काम करावं म्हणून मी, मिठाचं पार विसरून, अर्धी बादली वाफ्यात प्रेमानं ओतली.

तासाभरात बायको ओरडली, "अवो, रोपं माना टाकून राहिली!"

"ऊन आहे," मी म्हणालो आणि उरलेली अर्धी ओतली.

रोपं आडवी झाली. सासूबाईंनी माती चिमटीत घेतली. "जवाईबापू, ओल तं हाये. मंग सुकून काऊन राहिली?"

तेवढ्यात सासरे परतले. "माही मिठाच्या पाण्याची बालटी कोणं रिकामी केली जी?"

(इथं मी धरणीनं पोटात घ्यावं अशी विनंती केली. धरणी आधीच खारट झाली होती.)

मी खालमानेनं सांगितलं, की मुळांच्या पेशींना बारीक पडदा असतो. पाणी त्यातून जातं, मीठ सहसा अडतं. बाहेर मीठ वाढलं की आतलं पाणी बाहेर निघतं.

"हे ठाऊक होतं?" सासूबाईंनी विचारलं.

"हो."

"मंग टाकलं कायले?" मी रिकामी बादली उचलली. त्याच पुढं म्हणाल्या, "आता गोडं पाणी टाका. मीठ धुतलं का पाणी वापस आत जाईन."

खारं पाणी वाहून जावं म्हणून वाफ्याची कड फोडली. हातपंपावरून संध्याकाळपर्यंत मी बादल्या वाहिल्या.

सकाळी पाहतो तर चाळीसातली चौतीस उभी! पानं ताठ, कडा टवटवीत. ना मोटार, ना पाइप. डोळ्यांना न दिसणाऱ्या पडद्यातून पाणी मुकाट आत शिरलं होतं आणि एकेक पेशी फुगवून अख्खं झाड उचललं होतं. फळ्यावर त्याची आकृती मी शेकडो वेळा काढली असेल; ते घडताना कधी पाहिलंच नव्हतं. एक पान बोटावर घेऊन मी उकिडवा बसून राहिलो, तोंड उघडं.

"चहा निवून राहिला जी!" बायको म्हणाली.

"राहू दे वो," सासूबाई म्हणाल्या, "मास्तर शिकून राहिले."